दुसऱ्यांची उष्टी भांडी

आज दुपारी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेले होते. त्यांच्या मुलाला बर्कली विद्यापीठात अ‍ॅडमिशन मिळालीय, त्याचं कौतुक चाललं होतं. पोरगा गुणी आहे, कौतुक व्हायलाच हवं. मग राहायचं कुठे हा विषय निघाला. मी सहज विचारलं, को-ऑपमध्ये (तिथली विद्यार्थ्यांनीच चालवलेली सहकारी घरं) अर्ज टाकलाय का? तर त्याची आई म्हणाली, "छे गं, ते हिप्पींचं ना? दुसऱ्यांची उष्टी भांडी घासायला लावतात म्हणे तिथे!" सगळे खो खो हसले. पाहुणी होते म्हणून गप्प बसले. आता घरी आलेय.

हो, लावतात घासायला. मी घासलीयेत.

२००० च्या दशकाच्या शेवटी सांगलीहून पीएचडीला आले तेव्हा को-ऑपच्या हिलगस-पार्कर हाउसमध्ये राहायचे. थोड्या मोठ्या वयाच्या आणि मास्टर्स-पीएचडीवाल्या विद्यार्थ्यांचं ते घर. पन्नासेक जण, एक स्वयंपाकघर. आठवड्याला प्रत्येकाने पाच तास घरासाठी राबायचं, त्याला वर्कशिफ्ट म्हणतात. नवीन आलेल्याला काय मिळणार? रविवारी रात्रीची मोठी भांडी. पहिल्याच रविवारी कुणीतरी मसूर करपवली होती. आपल्याकडे लग्नाच्या आचाऱ्याकडे असतं तेवढं पातेलं, तळाला काळा थर. आमच्या घरी भांड्यांना मावशी यायच्या, मला चहाचं भांडंसुद्धा धड घासता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर हे सांगितलं तर बाबा भडकले. "भांडी घासायला पाठवलंय का तुला?" मग आईने फोन ओढून घेतला आणि विचारलं, "तारेची घासणी आहे का तिथे? मीठ-पाणी घालून उकळवायचं आधी."

आता या "हिप्पींच्या" जागेबद्दल जरा ऐका. सुरुवात १९३३ ची. महामंदी. बापाची नोकरी गेलेली, पोरं शिकायला आलेली, भाडं परवडेना. तिथल्या स्टाइल्स हॉलमध्ये, म्हणजे विद्यापीठाजवळच्या वायएमसीएमध्ये, हॅरी किंगमन नावाचा गृहस्थ होता. जन्म चीनमधला, तरुणपणी न्यूयॉर्क यांकीजकडून थोडं बेसबॉलही खेळलेला. त्याच्या नादाने १४ विद्यार्थी एकत्र आले. भाडं वाटून घ्यायचं, स्वयंपाक आणि साफसफाई आपली आपण करायची, नफा कुणालाच नाही. दोन वर्षांत बॅरिंग्टन हॉल हे दोनेकशे मुलांचं घर सुरू झालं. १९३६ मध्ये मुलींसाठी स्टेबिन्स हॉल. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, क्लॉइन कोर्ट. १९०४ साली बांधलेलं हे एके काळचं ऐटबाज हॉटेल, तिथे प्रोफेसर मंडळी राहायची. तिथे भाडं न परवडणारी पोरं राहायला आली. आज १७ घरं आहेत, तीन अपार्टमेंट संकुलं आहेत, बाराशेहून जास्त विद्यार्थी राहतात. संचालक मंडळावर घराघरातून निवडून आलेले विद्यार्थी. एकोणीस-वीस वर्षांची पोरं कोट्यवधी डॉलरच्या मालमत्तेचं बजेट पास करतात. हे हिप्पी?

आणि हे आपण हसण्यावारी न्यायचं? विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, त्या मुलखातली आपण माणसं. त्या हसणाऱ्यांतल्या निम्म्यांची शिक्षणं उसाच्या बिलावर झालीत, नावं घेत नाही. सहकाराचं पुढे आपल्याकडे काय झालं ते माहितीय सगळ्यांना, मला सांगू नका. पण सभासद म्हणजे मालक, ही गोष्ट तरी आपल्याला नव्याने समजावून सांगायला लागू नये.

बरं, घाण असते. कबूल. काही घरांत झुरळं असतात आणि सिंकमध्ये आठवड्याची भांडीही. ड्रग्जचं प्रकरणही खोटं नाही. बॅरिंग्टन तर त्यासाठी बदनामच होतं, शेजारीपाजारी वैतागले होते. पण ते बंद कुणी केलं? १९८९ मध्ये सगळ्या घरांच्या सभासदांनी मतदान करून. आपलं इतकं जुनं, सगळ्यात मोठं घर आपणच मत देऊन बंद करायचं, याला छाती लागते. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा ठराव तरी होतो का सरळ?

माझ्या त्या पातेल्याकडे वळते. मी एकटी खरवडत बसले होते तेव्हा वरच्या मजल्यावरचा एक जण चहाचा कप ठेवायला खाली आला. फिजिक्सवाला, घानाचा. काही न बोलता बाह्या वर केल्या आणि पातेल्याची दुसरी बाजू धरली. त्याची शिफ्ट नव्हती. सिंकवर लटकणारा तो फवारा कसा धरायचा, म्हणजे अंगावर पाणी उडत नाही, हे त्यानेच शिकवलं. बारा वाजेपर्यंत आम्ही त्याच्या आजीच्या स्वयंपाकाबद्दल बोलत होतो. त्या पातेल्याने मला जितके मित्र दिले तितके डिपार्टमेंटने दिले नाहीत.

पुढे मी हाउसच्या मीटिंगमध्ये तूरडाळीच्या पोत्याचा ठराव मांडला. त्यावर तासभर चर्चा! एकाला प्रथिनांचं प्रमाण हवं होतं, दुसऱ्याला पोतं कुठे ठेवणार याची काळजी. ठराव पास झाला आणि पन्नास जणांच्या वरणाची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. त्याच पातेल्यात.

मी हे लिहायला बसले तेव्हा त्या बाईंचा फार राग आला होता. आता तेवढा नाही. मुलाने इतका अभ्यास केलाय, आता त्याला त्रास नको, असं आईला वाटणारच. माझ्या बाबांनाही तेच वाटलं होतं.

पण मग त्या बाईंचं पुढचं वाक्य आठवतं. "आम्ही तिथे एक फ्लॅटच विकत घ्यायचं बघतोय, चार वर्षं हा राहील, नंतर भाड्याने देऊ." म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पोराकडून बाजारभावाने भाडं वसूल करणार! बर्कलीत मुलं गाडीत झोपून परीक्षा देतात हो. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना को-ऑप आधी जागा देतं, म्हणून तुमच्या मुलाला कदाचित मिळणारही नाही. मिळायलाच हवी असंही नाही. पण हसू नका.

आणि "आमचा व्हेज आहे" हे कारण नको. लोथलोरियन नावाचं अख्खं शाकाहारी घर आहे तिथे.

कमेंटमध्ये सेफ्टीवर निबंध नकोत, उत्तर देणार नाही. अर्जाबद्दल विचारायचं असेल तर मेसेज करा. त्या बाईंना टॅग करत नाहीये. त्या वाचतातच.