जिंकतात म्हणून काढलं

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. अमेरिकेत मिनेसोटातलं नॉर्थफील्ड गाव, शनिवारची दुपार, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलची मॅच, बसायला ॲल्युमिनियमची बाकं. सतरंजीची चौपदरी घडी करून बसले होते, तरी गारठा खालून वर येतच होता. आमचा संघ चाळीसेक गुणांनी मागे, शेवटचा क्वार्टर चाललेला. पुढच्या ओळीत एक बाई होत्या. जॅकेटवर मुलाच्या फोटोचा बशीएवढा बिल्ला. मुलगा लाइनमध्ये खेळतो, म्हणजे चेंडू त्याच्या हातात कधी येतच नाही, समोरच्या धटिंगणाला अडवायचं एवढंच काम. दर वेळी खेळाडूंचा ढीग कोसळायचा, सुटायचा, आणि तो उभा राहिला की बाई स्वतःशीच पुटपुटायच्या, "उठला." पुन्हा ढीग, पुन्हा "उठला." गुणफलकाकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

त्या दिवसापासून एक विषय डोक्यात घोळतोय: फार जिंकतं म्हणून एखाद्या कॉलेजला स्पर्धेतून काढायचं का? आज लिहूनच टाकते. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, सोळा संघांची लीग आणि मॅच संपल्यावर पेठेपर्यंत चालत येणारी भांडणं. इथे आले तेव्हा हातात धरून पळायच्या लंबगोल चेंडूला ही मंडळी फुटबॉल का म्हणतात, यावर मी नवऱ्याचं पहिलं वर्षभर डोकं खाल्लं. आता लेक नॉर्थफील्डला शिकते. गावात दोन कॉलेजं आहेत, कार्लटन आणि सेंट ओलाफ. ती कुठल्या कॉलेजात ते सांगत नाही, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये त्यावरूनच जुंपेल. केमिस्ट्रीच्या लॅबमधला तिचा पार्टनर संघात आहे, म्हणून ती मॅचला जाते, आणि ती जाते म्हणून आम्ही.

टीव्हीवर दिसतं ते लाखभर प्रेक्षकांचं कॉलेज फुटबॉल वेगळं. हे डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेजच्या खेळांतली तिसरी पायरी. इथे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही असा नियमच आहे. पोरं फी भरून शिकतात, संध्याकाळी अंगावर निळे-काळे डाग घेऊन लायब्ररीत बसतात. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दहा सामने, की बहुतेकांचा मोसम संपला. मिनेसोटातल्या अशा कॉलेजांची कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणारा गट, १९२० पासूनची आहे. लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून सगळे तिला 'मायॅक' म्हणतात.

तर २०१७ साली या मायॅकमध्ये सेंट थॉमस नावाच्या कॉलेजने सेंट ओलाफला ९७-० असं हरवलं. छापायची चूक नाही, सत्त्याण्णव-शून्य. आणि २०१९च्या मे महिन्यात कॉन्फरन्सने जाहीर केलं की सेंट थॉमसला बाहेर काढण्यात येत आहे, २०२१च्या उन्हाळ्याच्या आत त्यांनी दुसरं घर शोधावं. फक्त फुटबॉलमधून नव्हे, सगळ्या खेळांतून. पैसे खाल्ले नाहीत, खोटे खेळाडू उतरवले नाहीत, परीक्षेत कॉपी नाही. कारण काय दिलं, तर स्पर्धेतला समतोल. साध्या मराठीत, तुम्ही फार जिंकता. बरं, सेंट थॉमस कोणी उपरं नव्हतं. कॉन्फरन्स ज्यांनी स्थापन केली त्यांतलंच ते एक.

मंगळवार पेठेचा संघ, पाटाकडील तालीम, फार जिंकतो म्हणून त्याला लीगमधून काढा, असं म्हणायची कोल्हापुरात कुणाची छाती आहे? आम्ही शिवाजी पेठेतले. त्यांच्या नावाने आम्ही बोटं मोडू, पंचाच्या सात पिढ्या उद्धरू, पण पुढच्या वर्षी ते समोर नसतील तर स्टेडियमवर जायचं कशाला?

आता दुसरी बाजू. सेंट थॉमसमध्ये नुसते पदवीचे विद्यार्थीच सहा हजारांच्या वर, बाकीची बहुतेक कॉलेजं दोन-तीन हजारांची. शिवाय कॉलेज सेंट पॉल शहरात, पैसाही बरा. मोठ्या हौदातून मासे जास्त निघणार, हा हिशेब मला कळतो. पण मग २००७ सालाचं काय करायचं? तेव्हाही ते कॉलेज मोठंच होतं, शहरही तेच. त्या मोसमात त्यांनी दहापैकी आठ सामने गमावले होते. पुढच्या वर्षी ग्लेन करूसो नावाचा प्रशिक्षक आला, आणि २०१२ व २०१५ साली हाच संघ डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात उभा होता. दोन्ही वेळा ओहायोच्या माउंट युनियनकडून हरला, ती गोष्ट वेगळी. म्हणजे आकाराचा त्रास व्हायला लागला तो ते जिंकायला लागल्यावर. हरत होते तोवर त्यांची पटसंख्या कुणी मोजली नव्हती.

आणि १९९३ साल तर सगळे सोयीस्कर विसरतात. त्या वर्षी सेंट जॉन्सने, याच कॉन्फरन्समधल्या, एका सामन्यामागे सरासरी ६१.५ गुण केले होते. सरासरी! समोरच्यांचं काय झालं असेल याची कल्पना करा. पण सेंट जॉन्सला कुणी जा म्हणालं नाही. उलट ते सगळ्यांचं लाडकं.

का लाडकं, तेही सांगते, कारण तिथे गेल्यावर मीही विरघळले. कॉलेजव्हिलला पाइनच्या झाडांमध्ये खोलगट जागेत त्यांचं मैदान आहे, शेजारी बेनेडिक्टाइन साधूंचा मठ. आणि जॉन गॅग्लियार्डी नावाचे प्रशिक्षक, १९५३ ते २०१२, एकाच ठिकाणी साठ मोसम. सरावात शिट्टी नाही, सरावात एकमेकांना पाडायचं नाही, आणि मला कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणा. सरावात पोरांना गवतावर उताणं झोपवून 'काय छान दिवस आहे' म्हणायला लावणारा माणूस. अशा पद्धतीने त्यांनी, आधीच्या कॉलेजातले धरून, ४८९ सामने जिंकले, कॉलेज फुटबॉलमध्ये इतके कुणीच जिंकलेले नाहीत. २००३ साली तर त्यांनी माउंट युनियनची सलग ५५ विजयांची मालिका मोडून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. २०१८ मध्ये गेले. अशा माणसाच्या हातून साठ गुणांनी हरलं तरी लोक ती आठवण म्हणून सांगतात. सेंट थॉमसकडे मठ नव्हता, पाइनचं जंगल नव्हतं, शहरी कॉलेज आणि नव्याने जिंकायला लागलेला संघ. गावात जुन्या वाड्याचा दरारा चालतो, नव्या बंगल्याचा डोळ्यात खुपतो, तसलं हे.

हे सगळं मी नवऱ्याला एकदा गाडीत ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "तू त्या बिल्लेवाल्या बाईंच्या शेजारी बसून हे बोलशील का?"

नाही बोलणार. तेवढं मान्य. गुणफलकाची लाज दोन दिवसांत जाते, पण खेळ अंगावर येणारा आहे. समोरचा मुलगा तीस किलोने जड, त्याच्यामागे बदली खेळाडूंची रांग, आणि आपल्याकडे तोच थकलेला पोरगा चौथ्या क्वार्टरलाही उभा. मग खेळाडू गळतात, पुढच्या वर्षी नाव नोंदवायला कमी येतात, आणि एक दिवस कॉलेजच विचारतं की संघ ठेवायचाच कशाला. हे काल्पनिक नाही. सेंट पॉलमधल्याच मॅकॅलेस्टर कॉलेजने सत्तरच्या दशकात सलग ५० सामने गमावले होते. १९८० साली, शेवटची काही सेकंदं उरलेली असताना एका किकवर ती मालिका तुटली. पुढे ते फुटबॉलसाठी मायॅक सोडूनच गेले, अगदी परवा २०२१ ला परतले. तेव्हा छोट्या कॉलेजांची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही.

माझं भांडण क्रमाशी आहे. सेंट थॉमस गेल्यावर कॉन्फरन्सने काय केलं? फुटबॉलच्या दहा संघांचे पाच-पाचचे दोन गट पाडले, नॉर्थवूड्स आणि स्कायलाइन. आणि शेवटच्या आठवड्यात एका गटातला पहिला विरुद्ध दुसऱ्यातला पहिला, दुसरा विरुद्ध दुसरा, असं थेट पाचव्यापर्यंत. ही व्यवस्था मला जाम आवडली. ज्यांनी मोसमभर मार खाल्ला त्यांनाही नोव्हेंबरात एक सामना असा मिळायला लागला की समोरचाही तितकाच दमलेला असायचा. मग हे आधी का नाही सुचलं? सेंट थॉमसला आत ठेवूनही सामन्यांची आखणी बदलता आली असती. आधी माणूस घराबाहेर काढला आणि नंतर खोल्या वाढवल्या.

गेलं काय, ते बघा. सेंट थॉमस आणि सेंट जॉन्स १९०१ पासून एकमेकांशी खेळत होते. टॉमी विरुद्ध जॉनी. २०१७ साली हा सामना मिनियापोलिसच्या बेसबॉल स्टेडियमवर ठेवला, तर ३७,३५५ माणसं आली. स्कॉलरशिप नसलेल्या पोरांचा खेळ बघायला! डिव्हिजन थ्रीत एवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती. २०१९ला ते कॉन्फरन्समध्ये शेवटचे भेटले, २०२०चा मोसम कोविडने खाल्ला, आणि संपलं. सेंट थॉमसचं काही अडलं नाही म्हणा. ते डिव्हिजन थ्रीतून थेट सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये गेले, आणि २०२२ ला तिथल्या पायोनियर लीगमध्ये आठपैकी आठ सामने जिंकले. इकडे जेतेपदाच्या गप्पांत सेंट जॉन्स आणि बेथेल ही नावं पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे वरचे ते वरचेच. आता यांनाही काढायचं का?

नॉर्थफील्डचं बरं आहे. दोन्ही कॉलेजं एकाच गावात, त्यांच्या सामन्याचा नाद वेगळाच. १९७७ साली तर त्यांनी यार्ड सोडून मीटरमध्ये मैदान आखून सामना खेळला होता, सेंट ओलाफ ४३-० जिंकलं. अमेरिकेत मेट्रिक पद्धत येणार म्हणून केवढा उत्साह! ती काही आली नाही, पण एक दिवस का होईना, इथलं मैदान आपल्या मापाचं होतं म्हणून मला उगाच आनंद होतो.

तर त्या ऑक्टोबरच्या दुपारी मॅच संपली. पालकांनी टेबलं मांडून खाणं ठेवलं होतं, त्यात मी कोल्हापुरी भडंगाचा डबा उघडला. बिल्लेवाल्या बाईंनी चमचाभर घेतलं, डोळ्यांत पाणी आलं, मग कागदी वाटी भरून घेतली. तेवढ्यात पोरं आली. त्या बाईंचा लेक म्हणजेच आमच्या लेकीचा लॅब पार्टनर निघाला. कोपराला बर्फाची पिशवी बांधलेली, हनुवटीवर माती. आईला मिठी मारली, भडंगाचा बकाणा भरला आणि तोंडात घास असतानाच माझ्या लेकीला विचारलं, "सोमवारच्या रिपोर्टचा ग्राफ तू काढलास, की मीच काढायचा होता?"