टीव्हीतलं ‘लिक्विड’ खाली उतरत नाही हो!

आत्याच्या घरी टीव्ही दोन रात्री भिंतीला टेकून शीर्षासन करत होता. कारण फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड: ‘एलसीडी झोपवून नेला की आतलं लिक्विड एका बाजूला जमतं, काळा डाग पडतो. टीव्ही उलटा ठेवा, हेअर ड्रायरनं शेका, लिक्विड जागेवर येतं. त्याचा वास विषारी असतो.’ डाग तसूभर हलला नाही. ड्रायरनं कोपऱ्यातली फिल्म मात्र पापडासारखी फुगली.

जमायला आत आहे किती? दोन काचांमधली फट 3-4 मायक्रॉनची, केसाच्या जाडीचा साधारण विसावा भाग. 43 इंची पडद्यात सगळं मिळून जेमतेम दोन मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाचा अर्धा चमचाही नाही. चारही कडा सीलबंद. आणि या ‘लिक्विड’चे, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचे, रेणू पाण्यासारखे मोकाट नसतात. काचेच्या आतल्या अंगाला पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर असतो. कारखान्यात तो मखमली कापडाच्या रुळानं एकाच दिशेनं घासतात (काही नव्या पॅनेलमध्ये हेच काम अतिनील प्रकाश करतो). वाऱ्यानं एकीकडे कललेल्या गव्हासारखे रेणू त्या दिशेनं ओळीत बसतात. व्होल्टेज दिलं की वळतात, काढलं की परत तिथंच. ती दिशा काचेला बांधलेली, जमिनीला नाही. टीव्ही उलटा करा नाहीतर गच्चीवरून लोंबकळवा, रेणूंना पत्ताही लागत नाही.

शेकण्याचं तर बोलायलाच नको. 1888 साली प्रागमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर यांनी कोलेस्टेरिल बेन्झोएट हा पदार्थ तापवला. 145.5 अंशांना ते वितळून गढूळ झालं, 178.5 ला निवळलं. तो गढूळ टप्पा म्हणजेच लिक्विड क्रिस्टल: वाहतं, तरी रेणूंची शिस्त असते. पडद्यातलं मिश्रण वेगळं, पण तेही फार तापलं की शिस्त मोडते आणि निवलं की त्याच थराच्या दिशेनं पुन्हा लागते. म्हणजे ड्रायरनं मिळवलं काय?

विषारी वास? ट्यूबच्या बॅकलाइटवाल्या जुन्या एलसीडीत पारा असायचा, तो ट्यूबमध्ये. लिक्विड क्रिस्टलचा त्याच्याशी संबंध नाही.

झोपवून नेऊ नये, एवढं मात्र खरं, मान्य. पण ते काचेसाठी. पातळ काच धक्क्यानं वाकते, तडकते. आत्याच्या पडद्यावर टॉर्च तिरका धरला तर डागाच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसते. घर बदलताना टेम्पोत टीव्ही गाद्यांवर आडवा होता आणि त्याच्यावर मिक्सरचा खोका.