खुलासा: उपसंचालक आपोआप संचालक होत नाही

फोंड्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये चार दिवस अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेबद्दल एक मजकूर फिरतोय: ‘सीआयएचा संचालक गेला की उपसंचालक आपोआप त्या पदावर बसतो.’ हे चूक आहे. तो फक्त हंगामी कारभार पाहतो. उपसंचालक मायकेल मोरेल यांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०१२-१३ मध्ये तो सांभाळला, पण ते संचालक कधीच झाले नाहीत. उपसंचालक जीना हॅस्पेल संचालक झाल्या, तेही मे २०१८ मध्ये सिनेटने (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने) ५४ विरुद्ध ४५ मतांनी मान्यता दिल्यावरच. उपसंचालकाच्या नेमणुकीला मात्र सिनेटची मंजुरी लागत नाही. राष्ट्राध्यक्ष थेट नेमतात. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. मुलांनो, तो मजकूर वहीत उतरवला असेल तर आजच खोडा.