तेल चोळून खालची पापणी वर येत नाही हो

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की बुबुळाखाली पांढरं दिसायला लागलं म्हणजे वयामुळे खालची पापणी लोंबली, रोज रात्री एरंडेल तेल चोळा, डोळे गच्च मिटायचा व्यायाम करा, 40 दिवसांत जागेवर येते. डॉक्टरकडे गेलात तर ते नुसती कातडी कापून, ओढून टाइट करून टाके मारतात, सगळं दिसण्यासाठीचं खूळ. आणि थायरॉइडवाल्यांनी गोळी चालू ठेवली की डोळे आपोआप बसतात. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डॉक्टरांच्या आधी डोळ्याची-पापणीची मापं घ्यायचं काम आमच्यासारख्यांचं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"वयामुळे होतं." कधीकधी, हो. पण थायरॉइडमुळे होतं, तोंडावरून वारं गेल्यावर होतं, भाजल्यावर, अपघातात डोळ्याखालचं हाड मोडून तिथे प्लेट बसवल्यावर, तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर आणि डोळ्याखालच्या पिशव्या काढून घेतल्यावरही होतं. काहींची गालाची हाडं मुळातच सपाट आणि डोळे मोठे असतात, त्यांना विशीपासूनच थोडं पांढरं दिसतं. म्हणून आधी जुने फोटो मागतो, लग्नाच्या अल्बममधला चालतो. साधारणपणे खालच्या पापणीची कड बुबुळाच्या खालच्या काठाला टेकलेली असते. टॉर्च मारल्यावर बुबुळात मधोमध जो ठिपका चमकतो तिथून त्या कडेपर्यंत 5 मिमीच्या आसपास भरतं, त्याहून बरंच जास्त भरलं की पापणी खाली ओढली गेलीय.

"दिसण्यासाठीचं खूळ." हे वाचून खरंच राग आला. प्रश्न दिसण्याचा नाही, उघडं राहणाऱ्या बुबुळाचा आहे, आणि आम्ही तेच तपासतो. केशरी रंगाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवायची, निळा लाइट टाकायचा, आणि बुबुळाच्या खालच्या भागात हिरवे ठिपके दिसले की समजायचं तो भाग कोरडा पडून सोलवटतोय. मग पेशंटला डोळे हलकेच मिटायला सांगायचे. इथे गंमत म्हणजे सगळे गच्च मिटून दाखवतात, मला काही नाही म्हणून, पण झोपेत कोण गच्च मिटतं? हलके मिटल्यावर फट राहिली आणि मिटताना बुबुळ वरही सरकत नसेल तर रात्रभर तोच भाग उघडा राहतो. दुर्लक्ष केलं तर जखम, इन्फेक्शन, पांढरा डाग आणि नजर कमी. त्यामुळे ऑपरेशन ठरायच्या आधीच दिवसा थेंब, रात्री मलम, गरज पडली तर झोपताना डोळा मिटून ठेवणारी चिकटपट्टी, हे सुरू होतं.

"तेल आणि व्यायाम." तेल कातडीवर राहतं, पापणीला ओढून धरणारा व्रण किंवा आखडलेला पडदा आतल्या थरात असतो, तिथे ते पोचणार कसं? व्यायामाने डोळा मिटणाऱ्या स्नायूला काम मिळेल, आतला आखडलेला थर काही लांब होणार नाही. एक मात्र कबूल, पिशव्यांच्या ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत पापणी ओढली जातेय असं वाटलं तर सर्जन स्वतःच खालून वर मसाज करायला सांगतात. पण तो ताज्या व्रणासाठी, त्यांनी दाखवला तसाच. जुन्या पापणीवर तेल चोळण्याशी त्याचा संबंध नाही.

"नुसती कातडी कापतात." उलट कातडी जास्त कापली गेली म्हणूनही पापणी खाली येते! डॉक्टर आधी पापणी चिमटीत धरून पुढे ओढतात, 6-7 मिमीपेक्षा जास्त सुटली तर सैल. मग खाली ओढून सोडतात, पापण्या न मिटता ती झटकन परत बसते का बघतात. मग वर बघत तोंड मोठ्ठं उघडायला लावतात, त्यात पापणी आणखी खाली खेचली गेली तर तिची बाहेरची कातडीच कमी पडतेय. आणि शेवटी बोटाने पापणी वर ढकलून बघणं, मला तर हीच टेस्ट सगळ्यात आवडते कारण मशीन लागत नाही. बाहेरच्या कोपऱ्यात एका बोटाने उचलल्यावर पापणी जागेवर आली तर कोपरा आवळून हाडाच्या आतल्या आवरणाला टाका घेतला की बहुतेक वेळा भागतं. मधोमधही आधार द्यावा लागला तर आतला थर तोकडा आहे, तिथे टाळूचं अस्तर किंवा कानाची कूर्चा असं काहीतरी आधाराला बसवतात (टाळूचं घेतलं तर काही दिवस तोंड दुखतं, मऊच खावं लागतं). अख्खा गाल उचलल्याशिवाय पापणी येतच नसेल तर गालही वर बांधावा लागतो. कातडी कमी असेल तर कानामागची किंवा वरच्या पापणीची लावतात. म्हणजे कापण्यापेक्षा भर घालणंच जास्त.

आणि "ओढून टाइट करतात" हे मोठ्या, पुढे आलेल्या डोळ्यांत तर उलटंच पडतं. ढेरीवाल्याने पट्टा जितका आवळावा तितका तो ढेरीखाली सरकतो ना, तसंच पापणीचं होतं. म्हणून डोळा किती पुढे आलाय ते मोजल्याशिवाय कोणी आवळायला घेत नाही.

"थायरॉइडची गोळी घेतली की डोळे बसतात." रक्तातलं प्रमाण ताब्यात हवंच, पण डोळ्याचा आजार स्वतःच्या चालीने चालतो, रिपोर्ट नॉर्मल असतानाही पापणी ओढलेली राहू शकते. आजार शांत होऊन मापं साधारण सहा महिने स्थिर राहिली की मग ऑपरेशनचा विचार, नजरेलाच धोका असेल तर थांबत नाहीत ते वेगळं. क्रमही ठरलेला, आधी डोळ्याच्या खोबणीत जागा करणं, मग तिरळेपणा, पापणी सगळ्यात शेवटी, कारण डोळा खाली फिरवणारा स्नायू मागे सरकवला की त्याला जोडलेली खालची पापणीही आणखी खाली जाते. पापणी आधी केली तर ती परत करावी लागेल. ज्याला ज्याला ज्या टप्प्याची गरज नाही तो गाळायचा, एवढंच.

बाकी त्या फॉरवर्डमध्ये काय खावं याची लांबलचक यादी आहे, पण थायरॉइडच्या डोळ्यांना ज्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि जे आपल्या हातात आहे त्या सिगारेटबद्दल एक अक्षर नाही.