खुलासा : फोटोतले लोकेशन ‘पक्के’ नसते

गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘लोकेशन चालू ठेवून पऱ्हाटीचा फोटो काढा अन् इथे टाका. शेताची जागा फोटोत पक्की बसते, कोणालाच बदलता येत नाही.’ दोन्ही गोष्टी चूक.

लोकेशन म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या एक्झिफ नोंदीतले अक्षांश-रेखांशाचे आकडे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती नोंद गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच टिकते. म्हणजे ग्रुपवरच्या बहुतेक फोटोंत लोकेशन नाहीच!

आणि बदलता तर सर्रास येते. एक्झिफटूलसारख्या फुकट प्रोग्रॅमने नसलेले लोकेशन जोडता येते, असलेले पुसताही येते. यवतमाळचा रेखांश साधारण ७८.१. तिथे ७७.१ टाका, शेत शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, वाशीमच्या अंगाला जाऊन बसते. फोटोत बोंडे तीच, धुरा (बांध) तोच.

फोटोच्या खाली नकाशा-तारीख छापणारी ॲप वेगळी. ते चित्रावरचे छापील अक्षर, एक्झिफ नव्हे. म्हणूनच ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायची सरकारी पद्धत) फोटो शेतात उभे राहून ॲपमधूनच घ्यायचा असतो. ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे पाहणी नव्हे.