मामा तलावात लाल क्रेफिश सोडू नका

नागपूरच्या ग्रुपांवर महिनाभर फिरणारा 'लाल झिंग्या'चा मेसेज आता साकोलीला (भंडारा जिल्हा) माझ्या मावसभावापर्यंत पोचला. त्याच्या मच्छीमार सोसायटीकडे एक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ठेक्याने आहे. मेसेजखाली त्याने विचारलं, "दादा, थोडं बीज सोडून पाहू का?" म्हणून हे लिहितोय.

मेसेज म्हणतो: अमेरिकन लाल क्रेफिश (नांग्यावाला, झिंग्यासारखा प्राणी) समुद्रकाठच्या खाऱ्या दलदलीतला जीव आहे, विदर्भात पसरणार नाही, पसरला तरी आपल्या उन्हाळ्यात मरेल, जलपर्णी खाऊन तो तलाव साफ करतो, आणि चीनमध्ये शेतकरी त्यावर श्रीमंत झाले. शेवटी बीज मागवायला मोबाइल नंबर. सरकारी योजनेचा उल्लेख आहे, पण योजना कोणती, खातं कोणतं, ते कुठेच नाही.

पहिलंच वाक्य उलटं आहे. क्रेफिश मूळचा गोड्या पाण्यातला, अमेरिकेच्या (यूएसए) दक्षिणेकडच्या राज्यांतला आणि ईशान्य मेक्सिकोतला. मचूळ पाणीही त्याला सोसतं, म्हणून तो समुद्रकाठच्या पाणथळीत शिरू शकला. स्पेनमध्ये काय झालं ते वाचा. १९७४ मध्ये लुइझियानाहून आणून तो ग्वादलक्विवीर नदीच्या मुखाकडच्या भातखाचरांत सोडला, तोही धंद्यासाठीच. तिथून तो शेजारच्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानाच्या पाणथळीत गेला. भाताच्या बांधांना बिळं पाडली, पाण्याखालच्या वनस्पती संपवल्या, बेडकांची पिल्लं खाल्ली. या अमेरिकी क्रेफिशांसोबत येणारा रोग त्यांना स्वतःला सहसा मारत नाही, पण युरोपातल्या मूळच्या क्रेफिशांचा त्याने फडशा पाडला. पन्नास वर्षं झाली, लाल क्रेफिश तिथून हटलेला नाही. जपाननेही जून २०२३ पासून त्याची विक्री आणि तो मोकळ्यावर सोडणं बंद केलं.

उन्हाळ्याचं म्हणाल तर पाणी आटलं की तो ओल्या मातीत खोल बीळ करून बसतो. मूळ प्रदेशातही तो काही महिने आटणाऱ्या दलदलींत जगतो.

सगळ्यात घातक ते 'तलाव साफ करतो' हे वाक्य, कारण तेच लोकांना पटतंय. नागपूरच्या अंबाझरी तलावातली जलपर्णी पाहिलेल्या माणसाला कुठलाही उपाय हवासा वाटतो, हे मला समजतं. पण केनियाच्या नैवाशा सरोवरात १९७० मध्ये हाच क्रेफिश सोडला. तिथली कुमुदिनी आणि पाण्याखालचं गवत उद्ध्वस्त झालं, त्याचा मोठा दोष अभ्यासक क्रेफिशला देतात. तरंगणारी जलपर्णी नंतर आली आणि क्रेफिश असूनही आजही तिथे माजलेली आहे. तो देठ बुडाशी कुरतडतो. खातो थोडं, तोडतो जास्त. तळाचा गाळ उपसत राहिल्याने पाणी गढूळ होतं, ऊन खाली पोचत नाही, मग उरलेलं गवतही जातं. आपल्या मामा तलावांत मरळ त्याच गवतात घरटं करते. शिंगाड्याचे वेल तिथेच असतात. आणि ज्या मातीच्या पाळीवर अख्खा तलाव उभा आहे, तिला हा भोकं पाडणार. सांडवा वाहिला की तो नाल्याने चुलबंद नदीत, तिथून वैनगंगेत. पावसाळी रात्री तो जमिनीवरून चालत शेजारच्या बोडीतही (छोट्या तळ्यातही) जातो.

चीनमध्ये पैसा होतो, हे खरं आहे, नाइलाजाने मान्य. पण चीनमध्ये क्रेफिश १९२९ च्या सुमारास जपानहून आला आणि आज तिथे त्याला कोट्यवधी खाणारे आहेत. साकोलीच्या बाजारात तो कोण घेणार? भारतात एकही मूळचा क्रेफिश नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याची सवय ना माणसांना, ना तलावांना.

भावाला मी सांगितलं: रोहू, कतला, मृगळाची बोटुकली टाका, आणि मेसेज पाठवणाऱ्यालाही हे वाचायला द्या. कुणी बीज मागवून बसलं असेल तर ते तलावात, विहिरीत, नाल्यात कुठेही सोडू नका. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. नागपुरात मत्स्यालयाच्या दुकानातून 'लॉबस्टर' म्हणून आणलेला क्रेफिश नको झाला, तर तो फुटाळा तलावात नेऊन सोडू नका. एक मादी शेपटीखाली शेकडो अंडी घेऊन फिरते.