उन्हाच्या नावावर पावती फाडण्याआधी रिले तपासा

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. विषय दोन बॅटऱ्यांच्या गाड्यांचा: पुढची बॅटरी इंजिनाची, मागची इन्व्हर्टरसारख्या जादा लोडची, आणि मधे रिले, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही जोडणारा आणि बंद झालं की सोडणारा स्विच. तुमचं म्हणणं असं, की जळगाव-भुसावळच्या उन्हात बॅटरी बसणारच. तेव्हा मीटर लावून डोकं खपवण्यापेक्षा दोन्ही बॅटऱ्या बदलून मोकळं व्हावं. आणि मधे रिले असताना मागच्या बॅटरीचा लोड पुढच्या बॅटरीवर येऊच शकत नाही.

उन्हाचं तुमचं खरं आहे. ४५ अंशांत बोनेटखाली बॅटरीचं पाणी आटतं, प्लेटा लवकर खराब होतात. पण ऊन हे काम महिनोन्‌महिने करतं. लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली, तरी भर मे महिन्यात उतरायला आठवडे लागतात. रात्री चांगली लावलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नसेल, तर एक तर बॅटरीतला सेल गेलाय, नाहीतर गाडीत कुठेतरी करंट जातोय. ते ओळखायचं कसं? बॅटरी पूर्ण चार्ज करा, वायरी सोडा, रात्रभर तशीच ठेवा. सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर गाडीत शोधा. १२ च्या खाली आली, तर खुशाल बदला.

रिलेबद्दल मात्र तुमचं मला अजिबात पटलेलं नाही. व्होल्टेज बघून चालणारा रिले साधारण १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या खाली सोडतो. म्हणजे सोडायला हवा. यावलकडच्या एका साऊंडवाल्याच्या पिकअपमध्ये मागच्या बॅटरीवर मोठा इन्व्हर्टर होता. दोन्ही बॅटऱ्या नव्याकोऱ्या, तरी वरातीच्या दुसऱ्या दिवशी गाडीला धक्का. इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ दिला, मग हेडलाइट लावले. हेडलाइट पुढच्या बॅटरीवर, आणि मीटर धरला मागच्या बॅटरीला. तिथलाही आकडा लगेच खाली सरकायला लागला. रिले सुटला असता, तर तो हललाच नसता. रिलेचं कवच कापलं तर आतले पॉइंट (जुळणारे-सुटणारे धातूचे संपर्क) काळेठिक्कर होऊन एकमेकांना चिकटलेले. मागची बॅटरी पार रिकामी असताना इंजिन चालू केलं, की रिलेतून एकदम मोठा करंट धावतो. त्यात इन्व्हर्टरचा लोड. पॉइंट तिथेच वेल्ड होतात. शिवाय मोठ्या इन्व्हर्टरचं बटण चालू राहिलं तर काही न जोडताही तो एखादा अँपिअर घेत बसतो. दिवसाचे झाले २४ अँपिअर-तास, आणि तेही दोन्ही बॅटऱ्यांतून.

मागे लिथियम बसवली असेल तर रिले चांगला असूनही फसतो. ती बॅटरी इंजिन बंद असतानाच १३.३ च्या आसपास असते, त्यामुळे दोन्हीकडचं व्होल्टेज बघणाऱ्या रिलेला चार्जिंग चालूच वाटतं. तिथे रिलेऐवजी डीसी-डीसी चार्जरच लावावा, म्हणजे पुढच्या बाजूकडून करंट घेऊन मागची बॅटरी चार्ज करणारा डबा. अनेक बीएस-६ गाड्यांत उलटं होतं. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) मधेच व्होल्टेज उतरवतो, रिले सोडतो आणि मागची बॅटरी कधी पुरती भरतच नाही. अशी बॅटरी उतरली म्हणून बदलून उपयोग काय?

मीटरचं म्हणाल तर गाडी बंद असताना किती करंट जातोय ते बघायला तो बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मधे, १० अँपिअरच्या रेंजवर लावायचा आणि तो असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. किल्ली लांब ठेवा आणि अर्धा तास थांबा. लगेच बघितलेला आकडा फुगलेला असतो. ५० मिलिअँपिअरच्या आत आला तर ठीक. जास्त असेल तर फ्यूज उपसू नका, गाडी परत जागी होते. फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. जिथे आकडा दिसेल, त्या सर्किटमधून करंट जातोय. आणि क्लॅम्प मीटर (वायर न सोडता तिच्याभोवती धरायचा) घेणार असाल तर डीसी मोजणाराच घ्या. नुसत्या एसीवाल्यावर इथे काही दिसत नाही.

करंट जातोय तोवर नवी बॅटरी टाकली, तर तीही रोज खोलवर उतरेल, प्लेटांवर सल्फेट धरेल आणि वर्षभरात तुमच्याच गिऱ्हाइकाला परत पैसे मोजावे लागतील. पुढची गाडी आली की आधी हेडलाइटची चाचणी करून बघा आणि दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे इथे टाका. मागची बॅटरी लेड-ॲसिड की लिथियम, तेवढं सोबत लिहा.